‘कशावरून?’ हा प्रश्न आपल्या वहीत हवा

मागच्या हिवाळ्यात शिरूरच्या एका मुलीने पदवीच्या प्रकल्पाचा मसुदा मला वाचायला दिला. विषय होता पाबळची मस्तानी. एकूण बत्तीस पानं. पहिल्या पानावर मस्तानीच्या डोळ्यांचा रंग, चौथ्यावर तिची तलवारबाजी, सातव्यावर तिने विष घेतल्याचा प्रसंग, तोही संवादांसकट. मी विचारलं, “हे कशावरून?”

“आपा, सगळीकडे असंच दिलंय.”

‘सगळीकडे’ म्हणजे तीन संकेतस्थळं, एक यूट्यूब चॅनेल आणि २०१५ चा चित्रपट.

“कबर पाहिलीस?”

“हो, म्हणजे… एकदा पाबळवरून गेलो होतो. गाडीतून.”

मी हसले, पण मला माझाच एक जुना प्रसंग आठवला. एम.ए.च्या प्रबंधिकेत मी एक आख्खं प्रकरण चार पुस्तकांतून उचललं होतं. शब्द थोडे पुढेमागे केले, दोन वाक्यं स्वतःची घातली आणि बिनधास्त नेऊन दिलं. सर रागावले नाहीत. त्यांनी प्रत्येक परिच्छेदाशेजारी पेन्सिलने एकच शब्द लिहून वही परत दिली. कशावरून? अकरा पानांत तो शब्द चाळीसेक वेळा होता. त्यातल्या पस्तीस ठिकाणी माझ्याकडे उत्तर नव्हतं. लिहायला मी त्या दिवशी शिकायला लागले.

आज शिरूर आणि दौंडमधल्या आपल्या मुलामुलींचे प्रकल्प, निबंध, प्रबंधिका वाचताना मला एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. अभ्यासपूर्ण लेखन म्हणजे जड शब्द नव्हेत आणि शेवटच्या पानावरची पुस्तकांची यादीही नव्हे. ती एक सवय आहे, स्वतःच्याच वाक्याला ‘कशावरून?’ असं विचारण्याची. आणि ही सवय आज महाराष्ट्रात मराठी बोलणाऱ्या मुसलमान तरुणाइतकी कुणालाच गरजेची नाही.

आपण नक्कल का करतो?

आळस म्हणून करतो, असं शिक्षक म्हणतात. थोडं खरं आहे. पण मी जवळून पाहते तेव्हा मला आळसापेक्षा भीती जास्त दिसते. आपल्या मुलांच्या घरात दखनी, गल्लीत मराठी, जुम्म्याच्या बयानात उर्दू आणि कॉलेजच्या पुस्तकात इंग्रजी. लिहायला बसलं की चारही एकदम येतात आणि चारही अर्धवट वाटतात. त्यात एखादे काका कौतुकाने म्हणतात, “अरे वा, तुझं मराठी चांगलं आहे हो!” कौतुकच ते, पण त्यातलं आश्चर्य मुलाच्या मनात रुतून बसतं. मग तो स्वतःचं सरळ, घोडनदीच्या काठचं मराठी लपवतो आणि गाइडमधली ‘तद्वतच’, ‘किंबहुना’, ‘अनन्यसाधारण’ छापाची वाक्यं उसनी घेतो. ती वाक्यं त्याला चिलखतासारखी वाटतात.

बाजारही मदतीला उभा आहे. टाइप केलेला, बाइंडिंग केलेला, फक्त नाव बदलायचं बाकी असलेला प्रकल्प विकत मिळतो. आता तर तेवढेही पैसे लागत नाहीत. मोबाइलवरच्या चॅटबॉटला सांगितलं की दोन मिनिटांत पंधरा पानं. दौंडच्या एका मुलाने रेल्वेवरचा असा मसुदा आणला. संदर्भांत चार पुस्तकं होती. आम्ही दोघांनी शोधली, तर त्यांतली दोन अस्तित्वातच नव्हती. लेखकाचं नाव, प्रकाशक, साल, सगळं झोकात, पण यंत्राने रचलेलं. मुलाचा चेहरा उतरला. तो म्हणाला, “पण लिहिलंय तर किती व्यवस्थित!” तेच तर. खोटं हल्ली व्यवस्थितच लिहिलेलं असतं.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे वाङ्मयचौर्याबद्दलचे नियम २०१८ पासून लागू आहेत. प्रबंधात दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. दहा ते चाळीस टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा द्यावा लागतो. चाळीस ते साठ असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही, आणि साठच्या वर नोंदणीच रद्द. हे माहीत असावं. पण पकडले जाण्याच्या भीतीने कुणी लिहायला शिकत नाही, फार तर शब्द फिरवायला शिकतो.

“मार्क तर मिळतातच ना?”

मिळतात. हा आक्षेप मला दर वर्षी ऐकावा लागतो आणि तो खोटा नाही. म्हणून मार्कांची गोष्ट बाजूला ठेवून आपल्या दोन तालुक्यांकडे पाहू.

डिसेंबर २०१७ च्या अखेरीस वढू बुद्रुकला एका फलकावरून वाद झाला. संभाजी महाराजांच्या अंत्यसंस्कारात गोविंद गोपाळ महार यांचा वाटा किती, हा त्यातला प्रश्न. त्यानंतर काही दिवसांतच, १ जानेवारी २०१८ ला, कोरेगाव भीमात हिंसाचार झाला. ही दोन्ही गावं शिरूर तालुक्यातली. दौंड तालुक्यातल्या यवतमध्ये १ ऑगस्ट २०२५ ला समाजमाध्यमावरच्या एका पोस्टनंतर दगडफेक आणि जाळपोळ झाली. कुठे एक फलक, कुठे एक पोस्ट.

पुरावे तपासले असते तर हिंसाचार टळलाच असता, असा माझा दावा नाही. अशा घटनांमागे इतरही हिशेब असतात. पण इतिहासावरचं एक वाक्य आपल्याकडे घरं-दुकानं पेटवू शकतं, हे आपण डोळ्यांनी पाहिलेलं आहे. ज्या भागात वाक्याची किंमत एवढी, तिथल्या मुलाने वाक्य तोलून लिहायला शिकणं ही परीक्षेपुरती बाब कशी राहील?

दुसरी गोष्ट. ‘मुसलमानांची मुलं मदरशातच शिकतात’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. त्याला वर्षानुवर्षं आपण भाषणांनी उत्तर दिलं, रागाने दिलं, शेर म्हणून दिलं. काही झालं नाही. मग मार्च २००५ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीने नोव्हेंबर २००६ मध्ये अहवाल दिला. शाळकरी वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात जाणारी साधारण तीन टक्के आहेत, असं त्यात आकडेवारीसह लिहिलेलं होतं. पूर्वग्रह एका अहवालाने मरत नाही, पण त्यानंतर वाद घालणाऱ्याला तक्ता ओलांडून जावं लागतं. भाषण विसरलं जातं. तक्ता आजही कुणीही उघडून बघू शकतो.

तिसरी गोष्ट जास्त दुखरी आहे. ९ जानेवारी २०२५ ला पत्रकार दिलीप मंडल यांनी जाहीर केलं की फातिमा शेख हे पात्र आपणच रचलं होतं. आपल्या गटांमध्ये संतापाचा पूर आला. मी त्या दिवशी किमान दीडशे संदेश वाचले. शिव्या होत्या, शायरी होती, ‘आमचा इतिहास पुसला जातोय’ असंही होतं. मूळ पत्राचा उल्लेख करणारे संदेश दोन. १० ऑक्टोबर १८५६ ला सावित्रीबाईंनी माहेरी नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचं नाव आहे. सावित्रीबाई आजारी होत्या आणि आपल्यामागे कामाचा भार फातिमावर पडत असेल, याची काळजी त्या पत्रात आहे. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या सावित्रीबाईंच्या समग्र वाङ्मयात ते छापलेलं आहे. म्हणजे उत्तर ग्रंथालयाच्या कपाटात होतं आणि आपण मोबाइलवर ओरडत होतो.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू, जी आपल्याला कमी आवडेल. त्या पत्रात नाव नुसतं ‘फातिमा’ असं आहे. आडनाव नाही, जन्मतारीख नाही. तरी आपण दर वर्षी ९ जानेवारीला जयंतीचे फलक लावतो, त्यावर तिची मोठमोठी चरित्रं छापतो आणि ‘पहिली’ हा शब्द सढळ हाताने वापरतो. पुराव्यापेक्षा दोन पावलं पुढे गेलेलं आपलं वाक्यच समोरच्याच्या हातात दगड देतं. जेवढं सिद्ध तेवढंच लिहिलं असतं, तर फातिमा लहान झाली नसती. तिची जागा जास्त पक्की राहिली असती.

ही सवय परकी नाही

‘संदर्भ देणं हे इंग्रजांचं खूळ,’ असं मला एकदा एका हुशार मुलाने ऐकवलं. त्याला मी म्हटलं, मदरशात शिकलेल्या तुझ्या मामूला ‘इस्नाद’ म्हणजे काय ते विचार. हदीस सांगणाऱ्याने ती कुणाकडून ऐकली, त्याने कुणाकडून, ही माणसांची साखळी म्हणजे इस्नाद. नवव्या शतकातल्या इमाम बुखारींसारख्या संकलकांनी त्यातला एकेक दुवा तपासला. सांगणारा माणूस विश्वासू होता का, ज्याच्याकडून ऐकलं म्हणतो त्याला तो भेटला असणं शक्य होतं का? त्या निकालांबद्दल मतभेद असू शकतात, आणि आपल्या चळवळीत ते मोकळेपणाने मांडलेही जातात. पण ‘तुला कुणी सांगितलं?’ हा प्रश्न विचारण्याची शिस्त आपल्या पूर्वजांनी हजारएक वर्षांपूर्वी बसवली होती.

इब्न खल्दूनने १३७७ मध्ये ‘मुकद्दिमा’ लिहिला. त्याच्या सुरुवातीलाच इतिहासकारांबद्दल तक्रार आहे की हे लोक एकमेकांचं उतरवतात आणि आकडे तपासत नाहीत. हजरत मूसांच्या सैन्यात सहा लाख माणसं होती असं सगळे लिहितात. तो विचारतो, एवढं सैन्य उभं करायला मैदान किती लागेल, आणि एका टोकाला काय चाललंय ते दुसऱ्या टोकाला कळणार कसं? साधी व्यवहारी शंका. आपल्या व्हॉट्सॲपवरच्या ‘लाखो’ आणि ‘हजारो वर्षां’ना ती लावून बघा.

आणि शब्द पाहा. दाखला, हवाला, तारीख, मजकूर, दस्तऐवज, नक्कल, मसुदा. पुराव्याने बोलायचं तर मराठीला हे शब्द लागतात आणि ते अरबी-फारसीतून आलेले आहेत. मसुदा हा शब्द ‘काळं करणं’ या अर्थाच्या अरबी धातूतून आला. मसुदा म्हणजे खाडाखोड करून काळा केलेला कागद. पहिल्याच झटक्यात स्वच्छ उतरलेल्या पानाला मसुदा म्हणतच नाहीत.

सवय लागते कशी?

मुलं मला युक्ती विचारतात. युक्ती नाही, पण काही रोजच्या गोष्टी आहेत.

वहीचं पान मधोमध दुमडा. डावीकडे पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं, अवतरणचिन्हांत, शेजारी लेखक, पुस्तक, साल आणि पान क्रमांक. उजवीकडे तुमचं म्हणणं. पान क्रमांक त्याच क्षणी लिहायचा. ‘नंतर बघू’ म्हणून सोडलेला क्रमांक पुन्हा सापडत नाही, आणि तीन महिन्यांनी कुठलं वाक्य पुस्तकाचं आणि कुठलं आपलं हेही आठवत नाही. निम्मी चोरी अशी नकळत होते.

एखादा मुद्दा स्वतःच्या शब्दांत मांडायचा असेल तर पुस्तक मिटा. चहा प्या. मग न बघता लिहा. जे आठवलं नाही ते समजलेलंच नव्हतं, परत वाचा. पुस्तक उघडं ठेवून ‘स्वतःचे शब्द’ येत नाहीत, फक्त समानार्थी शब्द येतात.

मसुदा झाला की प्रत्येक दाव्याशेजारी पेन्सिलने ‘कशावरून?’ लिहा आणि उत्तर द्या. उत्तरं चारच प्रकारची असतात. मी पाहिलं. अमुक माणसाने सांगितलं. अमुक पुस्तकाच्या अमुक पानावर आहे. किंवा हा माझा अंदाज आहे. चारही उत्तरं चालतात. अंदाजाला पुराव्याचे कपडे घालणं तेवढं चालत नाही. पाचवं उत्तर, ‘सगळे म्हणतात’, आलं की ते वाक्य खोडा.

आपल्याविरुद्ध जाणारी सगळ्यात भक्कम गोष्ट शोधा आणि ती स्वतःच लिहा. तिहेरी तलाकवर लिहिताय? १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंनी मुंबईत सात मुस्लिम महिलांचा मोर्चा काढला होता, हे आपण अभिमानाने लिहितो. २२ ऑगस्ट २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकालही लिहितो. तो तीन विरुद्ध दोन असा होता, मग त्या दोन न्यायमूर्तींचं म्हणणं काय होतं तेही वाचा. निकालाचं स्वागत करून २०१९ च्या कायद्यातल्या तीन वर्षांपर्यंतच्या कैदेवर आक्षेप घेणारे लोक आहेत, त्यांनाही जागा द्या. मग तुमचं मत मांडा. ते आधीपेक्षा ठाम वाटेल, कारण त्याने मार खाऊन पाहिलेला असेल.

आणि रोज लिहा, अर्धा तास का होईना. दौंडहून पुण्याला रोज ये-जा करणारी कितीतरी मुलं आहेत. जाताना वाचन, येताना दहा ओळी. जागा मिळाली नाही तर मोबाइलवर टिपण. आठवड्याला एकदा लिहिलेलं घरात मोठ्याने वाचा. अम्मीला कळलं नाही तर दोष अम्मीचा नाही, वाक्याचा आहे. दौंड तालुक्यातल्याच केडगावला पंडिता रमाबाईंनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत बायबलचं मराठी भाषांतर केलं. संस्कृतच्या एवढ्या मोठ्या पंडिता, पण भाषा ठेवली साध्या बायकांना कळेल अशी, आणि मूळ मजकुरापर्यंत पोचता यावं म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मूळ मजकूर गाठायचा आणि सोपं लिहायचं. याहून मोठा धडा मला कुठल्या कार्यशाळेत मिळालेला नाही.

विषय दाराशी आहेत

‘मॅडमनी दिलेला’ विषय घेऊ नका. दौंडवरून मनमाडला जाणारा लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. त्या जंक्शनभोवती कोण कुठून येऊन वसलं? जुन्या कुटुंबांतल्या माणसांशी बोला. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींत कंत्राटावर जाणारे तुमचे भाऊ किती तास काम करतात? भीमा ओलांडली की श्रीगोंद्याचा तालुका लागतो. तिथे सतराव्या शतकात शेख महंमदांनी मराठीत ‘योगसंग्राम’ लिहिला. मराठी आपली कधी झाली, असं विचारणाऱ्याला तो ग्रंथ दाखवा, पण आधी स्वतः वाचा. आजीच्या ट्रंकेत पडलेला निकाहनामा, जुना सातबारा, आजोबांचं रेल्वेचं ओळखपत्र, हे सगळे दस्तऐवज आहेत. ते कुठल्याही चॅटबॉटला ठाऊक नाहीत. तुम्ही लिहिलं नाही तर ते भंगारात जातील आणि आपल्याबद्दल मग दुसरेच लिहितील, मनाला येईल तसं.

आपल्या चळवळीकडेही माझं एक मागणं आहे. सभा आपण भरपूर घेतो. त्यातली एक कमी करा. शिरूर आणि दौंडला महिन्यातून एका रविवारी पाच-सहा जणांनी बसावं, एकमेकांचे मसुदे बदलून घ्यावेत आणि हातात फक्त पेन्सिल असावी. शुद्धलेखन नंतर बघू, आधी ‘कशावरून?’ विचारू. भाषण नको, हारतुरे नकोत. चहा पुरे.

त्या मुलीच्या प्रकल्पाचं काय झालं? पेन्सिल फिरल्यावर बत्तीस पानांची नऊ उरली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बाजीराव २८ एप्रिल १७४० ला रावेरखेडीला वारले, मस्तानी त्यानंतर लवकरच पाबळला वारली, आणि त्यांचा मुलगा समशेर बहादूर १७६१ मध्ये पानिपतच्या लढाईत झालेल्या जखमांनी गेला. एवढं पक्कं होतं. मग ती अब्बांच्या मोटारसायकलवरून पाबळला गेली. दोनदा. कबरीसमोर बसून तिने दिसलं ते लिहिलं, लोकांना विचारलं. कुणी कबर म्हणत होतं, कुणी समाधी. नऊची सतरा पानं झाली आणि सातव्या पानावरचा तो विषाचा प्रसंग असा झाला: ‘मस्तानीचा मृत्यू कसा झाला, याबद्दल एकमत नाही. पाबळमध्ये मला तीन जणांनी तीन गोष्टी सांगितल्या. त्या पुढे देत आहे.’

त्या ओळीशेजारी तिने स्वतःच पेन्सिलने ‘कशावरून?’ लिहिलं होतं. खाली उत्तरही होतं: मी विचारलं, त्यांनी सांगितलं. पुढे तारीख.